ओठ जुळत नव्हते

निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर उभं राहून माझे कान गेले. त्या खडखडाटात आम्ही कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो.

परवा दुबईतल्या मुलाचा नव्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. बायको रडत ओरडली, "पोराला पोलिसांनी धरलंय, सुटायला पैसे मागतोय!"

मी फोन हिसकावला. चेहरा मुलाचाच, पण बायको सांगत होती तो 'पोलीस' शब्द ओठांवर उमटतच नव्हता, ते नुसते हलत होते. म्हटलं, "हा आपला न्हाय. कॉम्प्युटरनं बनवलेला हाय."

"आवाज त्याचाच हाय! तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

"डोळे शाबूत हायत माझे." मी कॉल कापला आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला.

"जेवतोय, बाबा. काय झालं?" भरल्या तोंडाचे ओठसुद्धा मी बरोबर वाचले.

बायकोनं डोळे पुसत त्यालाच झापलं, "आधी घास गिळ मेल्या!"