मथुराबाईंनी लावलेला कौल

१९५८ साली मी तोंडवलीच्या शाळेत मास्तर होतो आणि मथुराबाईंच्या पडवीत भाड्याने राहत होतो. त्यांची एकुलती एक लेक जानकी मुंबईला दिलेली. आठ महिने तिचं पत्र नव्हतं.

दुपारी त्या सुंभ वळत आणि मी त्यांना कादंबरी वाचून दाखवी. गोष्टीतली पोरगी रोज केसांत पांढरं फूल माळायची आणि एका गोडबोल्या माणसाच्या नादी लागली होती. "तिका सांगा, त्या माणसावांगडा जाव नको," मथुराबाई मलाच दटावायच्या. "ते फूल म्हणजे तिचं निरागसपण," असं मी त्यांना शिकवलं. भारी हौस होती मला शिकवायची!

एका सोमवारी त्या देवळात गेल्या आणि गुरवाकडून चक्क त्या पोरीसाठी कौल लावून घेतला. देवाला चिकटवलेली ओली पाकळी उजवीकडे पडली. साखर माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "तिचा बरा होतला."

शेवट मला ठाऊक होता. खोटं वाचता आलं असतं, पण छापलेलं बदलायचं कसं, हा माझा मूर्ख ताठा. मी वाचलं: तो माणूस पळाला, आणि सकाळी विहिरीत पांढरं फूल तरंगत होतं.

"आणि ती?"

"फूल म्हणजेच ती, मथुराबाई."

सुंभ वळणारे हात थांबले. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, ही नुसती गोष्ट आहे."

त्यांनी ऐकलंच नाही.

"जानकीच्या लग्नाकय देवान उजवोच कौल दिलेलो, गुरुजी."