मोडी वाचता वाचता उजव्या डोळ्यापुढे अंधार आला

मंडळी, ही पोस्ट मी फोनला बोलून लिहून घेतेय. चुका सांभाळून घ्या.

मी अर्थशास्त्राची माणूस. जुन्या काळी लोक जमाखर्च कसा मांडायचे, हा माझा अभ्यास. आज सकाळी उरणजवळ हिराबाईंच्या घरी त्यांच्या मिठागराच्या जुन्या मोडी वह्या वाचत होते. अचानक उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं आणि कडेने काळा पडदा सरकत आला. ओळी अर्ध्याच दिसायला लागल्या.

डावा डोळा माझा लहानपणापासून अधू. आजवरचं सगळं काम या उजव्यावरच झालंय. घाबरून मी डोळा चोळायला गेले, तर हिराबाईंनी हात धरला.

“बाय, डोल्याला हात नको लावू. चल, दवाखान्यात जाऊ.”

त्यांच्या मुलाने गाडी काढली. वाटेत पुढच्या कंटेनरवरची अक्षरं मी वाचून बघत होते. दर वेळी आणखी कमी दिसायची. मी वाचायची थांबले.

पनवेलच्या डॉक्टर म्हणाल्या, “डोळ्याचा पडदा सुटलाय. उद्या सकाळीच ऑपरेशन करू.”

“मला पुन्हा वाचता येईल ना?”

“आधी डोळा वाचवू. मग बघू.”

हिराबाई अजून घरी गेलेल्या नाहीत, माझ्या खाटेशीच बसल्यात.

तुमच्यापैकी कुणाचं हे ऑपरेशन झालंय का? नंतर बारीक अक्षर वाचता आलं? नुसता धीर देऊ नका, खरं काय ते लिहा. हिराबाईंचा मुलगा मला वाचून दाखवणार आहे.