चिचबोडीचा मालक

भुतेखेते, करणी, बाहेरचे — यांना मी आयुष्यात कधी थारा दिला नाही. सिंचन खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली. जे मोजता येते ते खरे, एवढाच माझा नियम होता. पुढील हकीकतही मोजलेलीच आहे. म्हणूनच ती लिहिताना हात जड होतो.

मी आमगावला राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा नितीन रेल्वेत आहे. रोज गोंदियाला जातो-येतो. सून प्रणाली सौंदडची. एका छोट्या कंपनीचे संगणकाचे काम ती घरूनच करते. ही कंपनी जिल्ह्यातील जुन्या तलावांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे बसवते. यंत्र रोज सकाळी पातळी पाठवते आणि ती क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये — म्हणजे दूर कोठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर — साठत जाते. तलावांची नावे व जागा तपासून देण्यासाठी कंपनीने मलाही सल्लागार नेमले होते. लॉगिन दिले होते.

कंपनीत माणसे आली आणि गेली. कोणी कोणता डेटाबेस उघडला, याचा मेळ राहिला नाही. म्हणून या उन्हाळ्यात मोजदाद ठरली. प्रणालीने एक प्रोग्राम लावला. तो रोज सकाळी कंपनीच्या संपूर्ण क्लाउड खात्यात आपोआप फिरतो, सापडेल तो प्रत्येक डेटाबेस टिपतो आणि आम्हा दोघांना मेल पाठवतो — नाव, शेवटची नोंद, मालक. मालक म्हणजे जबाबदार माणूस. तो रकाना रिकामा असेल तर मोजदाद अपुरी धरली जाते. एकदा नाव लागले की ते नुसते पुसता येत नाही; बदलण्यासाठी जुन्या मालकाला सोडावे लागते आणि नव्या मालकाला स्वीकारावे लागते. पद्धत मला पसंत पडली. बेवारस पडलेले सरकारी सामान मी पुष्कळ पाहिले आहे.

एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली.

"मामाजी, चिचबोडी कुठली? आपलं तिथं यंत्रच नाही, अन् प्रोग्रामले सापडून राहिली."

बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तलाव. ही मला ठाऊक होती.

"बुजवली. इथे घरांचा लेआउट पडण्याआधी. तू आत्ता तिच्या पोटातच उभी आहेस."

तिने पायाखालच्या फरशीकडे पाहिले आणि ती हसली.

"मंग तर घरचीच झाली! मालक म्हणून माझंच नाव टाकते."

नितीन बूट घालत होता. म्हणाला, "बघ, सासरी सोनं नाही भेटलं, तलाव भेटला!"

"तुमच्या घरून तेवढंच भेटते," ती म्हणाली आणि तिने नाव टाकले.

दुसऱ्या दिवसापासून त्या डेटाबेसमध्ये नोंद येऊ लागली. आत एकच गोष्ट होती — पाण्याची पातळी. रोज सकाळी एक नवी. मे महिना होता. जिल्ह्यातील सारे तलाव उतरत होते. ही एकटी बोडी चढत होती.

प्रणालीने क्लाउडवाल्यांना विचारले. उत्तर आले, असा डेटाबेस तुमच्या खात्यात नाही. तिने स्वतः खात्यात शोधले. नव्हता. त्याचे भाडेही लागत नव्हते. फक्त प्रोग्राम सकाळी फिरला की तेथे तो असे, आणि मालक म्हणून तिचे नाव असे.

मग एके दुपारी ती काम करता करता थांबली.

"मामाजी, कूलरचं पाणी सांडलं का जी? पायाले गार लागून राहिलं."

मी वाकून फरशीला हात लावला. कोरडी होती. तिचे पाय मात्र पांढरे पडले होते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांचे होतात तसे — कातडी भिजून सुरकुतलेली. घोट्यावर एक सरळ रेघ होती. रेघेखाली सुरकुत्या, वर नेहमीची कातडी. पाण्याने आखावी तशी रेघ.

मी टेप आणला. फरशीपासून रेघेपर्यंत मोजले. नंतर लॅपटॉपवर त्या दिवसाची पातळी पाहिली... दोन्ही आकडे एकच होते.

मी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पाय पाहिले. "बेटी, पानी में खड़ी रहती हो क्या दिनभर? रोवणीला तर अजून अवकाश आहे!" मलम दिले. मलमाने काही झाले नाही. रेघ पोटरीवर आली. पुढे गुडघ्यावर आली. त्यानंतरची मापे नितीनने घेतली. तो खोलीतून बाहेर येई, मला आकडा सांगे, मी मेल उघडून पाहत असे. त्याची थट्टा बंद झाली होती.

तिने प्रोग्राम बंद केला. सकाळी मेल आला. तिने लॅपटॉपचा प्लग काढून टाकला, वायफाय बंद केले. मेल माझ्या मोबाइलवर आला. नितीन तिला माहेरी सौंदडला ठेवून आला. तेथून तिच्या आईचा फोन आला, "पोरगी कोरड्या खाटेवर बसली हाय अन् म्हनते, कमरेपर्यंत पानी लागून राहिलं. काय केलं तुमी तिले?" नितीन तिला परत घेऊन आला.

त्या बोडीत कोणी बुडाले होते काय, याची मी चौकशी केली. येथील जुन्या माणसांना विचारले. कोणाच्याही आठवणीत तसे काही नाही. साधी बोडी होती. शिंगाडे लागत, ढोरे पाणी पीत. बुजवताना मी हजर होतो. पाणी सोडण्याचे तोंड आमच्या स्वयंपाकघराच्या खाली कोठेतरी गेले. एकच गोष्ट मात्र मला माहीत होती, आणि ती मी घरात कोणाला सांगितली नाही. भरलेली बोडी ज्या उंचीवरून ओसंडते, तो सांडवा मी पाहिलेला होता. प्रणाली त्याहून पुष्कळ बुटकी आहे.

एकच मार्ग उरला होता. नितीनने तो काढला.

"दुसऱ्या कोणाचं नाव लाव ना. तुझ्या ऑफिसातला कोणीही चालते. त्याले काय समजते?"

"अन् त्याच्या घरी कोणी नाही का?" तिला एवढे बोलतानाही दम लागत होता. रेघ त्या दिवशी छातीशी आली होती. "दुसऱ्याच्या गळ्यात कायले टाकू मी? सांगा ना!"

नितीन उठून अंगणात गेला.

दुपारी तिचा डोळा लागला. लॅपटॉप उघडा होता. मी तिच्या खुर्चीत बसलो. तिच्या नावाने चिचबोडी सोडली आणि नवा मालक म्हणून माझे नाव टाकले. माझ्या मोबाइलवर विचारणा आली — स्वीकारता काय? मी स्वीकारली.

खोलीतून तिचा श्वास ऐकू आला. पाण्यातून डोके वर काढणारा माणूस घेतो तसा, लांब. मी दारातून पाहिले. ती उठून बसली होती आणि दोन्ही तळपायांवरून हात फिरवत होती. कातडी कोरडी होती.

"गेलं जी मामाजी," ती म्हणाली. "उतरलं पाणी."

मी सांगितले की क्लाउडवाल्यांनी दुरुस्ती केली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. मी कधी खोटे बोललेलो नाही.

याला फार दिवस झालेले नाहीत. ती बरी आहे, भाजीत मीठ जास्त पडले म्हणून नितीनशी भांडते. मी सकाळी दार लावून टेप घेतो. माझ्या नावावर पातळी पुन्हा शून्यापासून चढते आहे आणि आकडे जुळतात. पाणी थंड आहे, एवढेच त्याच्याविषयी मी सांगू शकतो. दिसत नाही, वास येत नाही. चालताना मात्र पाय ओढावा लागतो. रेघ काल गुडघ्याखाली होती. मी प्रणालीहून उंच आहे. सांडवा माझ्याहून उंच आहे.

आज चहा देताना ती थांबली.

"मामाजी, एवढ्या उन्हात मोजे काऊन घालून राहिले?"

"म्हातारपण. थंडी वाजते."

ती गेली नाही. तिने मोज्यांकडे पाहिले, मग माझ्या उशाशी पडलेल्या टेपकडे. कप हातात तसाच धरून ती उभी राहिली.

हे काय आहे, मला सांगता येत नाही. वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास कळवावे. खुलासा कोणताही असो, मी तो निमूटपणे ऐकून घेईन. मला भीती वाटते, हे नाकारत नाही. परंतु पाण्याहून अधिक भीती त्या मुलीची वाटते. ती आपले नाव परत लावील. त्यासाठी आधी मला सोडावे लागते, आणि माझ्या लॉगिनवाचून ते होत नाही.

पासवर्ड मी बदलला आहे. तो कोठेही लिहून ठेवलेला नाही.