कडुबामामांची वीस मिनिटं

मागच्या गल्लीचं पाणी विश्वजितनं घालवलं, आणि तेही धबधबा दाखवून.

दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि शहर मात्र चारी बाजूंनी फुगत चाललं होतं. औरंगपुऱ्यातल्या या दोन गल्ल्यांना सातव्या दिवशी चाळीस मिनिटं पाणी यायचं. पहिली वीस पुढच्या गल्लीला; मग कडुबामामांनी व्हॉल्व्ह फिरवला की उरलेली वीस मागच्या. त्या दिवशी मामा खांद्यावर लांब चावी टाकून व्हॉल्व्हकडे निघाले, तोच विश्वजितनं त्यांना दुकानात ओढलं. "मामा, दोनच मिनिटं," म्हणत धबधबा लावलेला व्हीआरचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि कानांवरही हेडफोनची बोंडं बसवली.

दोनाची वीस झाली. पुढच्या गल्लीचा रस्ता धुऊन निघाला. मागच्या गल्लीतल्या नळांनी नुसता वारा सोडला.

विश्वजितचाही नाइलाज होता. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून त्यानं घराच्या खालच्या खोलीत हे दुकान थाटलेलं. लोक येत, किंचाळत, फोटो काढत आणि पुन्हा फिरकत नसत. कुणाला गरगरे, कुणाचा नंबरचा चष्मा आत मावेना, तेल लावलेल्या डोक्यावर पट्टा ठरेना. शिवाय एकजण आत रमायचा आणि बरोबरचे पाचजण भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसायचे. बायका तर पाच मिनिटांत चष्मा वर करून विचारत, "टँकरचा हॉर्न वाजला का हो?" ज्या गावात पाण्यासाठी एक कान कायम रस्त्यावर ठेवावा लागतो, तिथं दोन्ही कान कोण झाकून घेणार?

"पोळ्यापर्यंत बघते," बायको मनस्विनीनं बजावलं होतं. "नाहीतर जुन्या साहेबांच्या पाया पडायचं."

म्हणून मामा. अठरा वर्षं ते या भागाचं पाणी सोडत होते. चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला लावून पाणी कुठवर आलंय ते सांगायचे. कुणाकडे लग्न, कुणाकडे बाळंतीण, सगळं त्यांना ठाऊक; त्या गल्लीला दोन मिनिटं जास्त. मूळचे पैठणकडचे. धरणाच्या कुशीतलं त्यांचं गावही टँकरवरच, त्यावर ते स्वतःच हसत. मामा 'चांगलंय' म्हणाले की दोन्ही गल्ल्या डोळे मिटून विश्वास ठेवत.

आणि मामा तर वीस मिनिटं रमले होते! आजवर सातच्या वर कुणी टिकलं नव्हतं. ते वाकत होते, चाचपडत होते, दोन्ही हात गोल गोल फिरवत होते. विश्वजित हरखून मोबाइलवर चित्रण करत राहिला. हीच आपली जाहिरात, त्यानं ठरवलं.

जाहिरातीआधी लक्ष्मीबाई आल्या, मागच्या गल्लीतून, रिकामा हंडा कमरेवर घेऊन.

"काय ओ कडुबा, घाण्याच्या बैलागत झापडं बांधून नाचत होता म्हणं? आमच्या पोरांनी सात दिवस काय प्यावं?"

मामांनी मान खाली घातली. ते बघून विश्वजितच पुढं झाला. "मावशी, चूक माझी. मामांना मीच आत ओढलं."

"मग तुझ्याच नळाचं दे आम्हाला."

मामांनीही तेच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून विश्वजितच्या टाकीतलं पाणी हंड्याहंड्यानं मागं गेलं आणि पुढच्या पाळीला मागच्या गल्लीनं आधी पाणी भरलं. मनस्विनी तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. हंडे मात्र मोजून हाती दिले.

शेवटचा हंडा उतरवून विश्वजित व्हॉल्व्हपाशी टेकला. मामा चावी कानाला लावून बसले होते. विचारायचं ते आत्ताच, पोळा आठवड्यावर आला होता.

"मामा, झालं ते झालं. पण तुम्ही एकटेच वीस मिनिटं टिकलात. एवढं काय आवडलं, ते लोकांना सांगाल?"

मामांनी चावी खाली ठेवली.

"आवडतंय कशाचं भाऊ, एवढं पाणी वाया चाललं व्हतं, मी व्हॉल्व्ह हुडकत व्हतो!"