पेठेतल्या अकरा फळ्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडं म्हणत आलोय, हे आधीच कबूल करतो. मी वेल्डर माणूस. लोखंड तापतं, वाकतं, तुटतं... त्यापलीकडं माझा कशावर विश्वास नाही. खाली कमेंटमध्ये 'किती घेतली होती' असं विचारणाऱ्यांसाठी – एक थेंबही नाही. दुपारचे साडेबारा वाजले होते, टळटळीत ऊन होतं, पेठेत माणसं होती.

ओतूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. धाकटा भाऊ बाळू चाकणची कंपनी सोडून माझ्याबरोबर काम करायला लागला त्याला दोन वर्षं झालेली. मागच्या उन्हाळ्यात आम्हाला जुन्नरच्या जुन्या पेठेतलं काम मिळालं. शिवनेरी बघून पब्लिक परस्पर लेण्याद्री-ओझरला निघून जातं, पेठेत कुणी फिरकत नाही, अर्धी दुकानं बंद. म्हणून ठरलं की फ्लेक्स, पत्रे, शटर काढायचे, मागचं जुनं सागवानी काम मोकळं करायचं, दिवे लावायचे. पेठ पुन्हा जागी करायची! गंमत म्हणजे त्यातली निम्मी शटरं मीच बसवलेली. बसवताना पण शिव्या खाल्ल्या, कापताना पण खातोय, असं बाळू म्हणायचा आणि खदाखदा हसायचा.

त्या दिवशी कांतीशेटचं दुकान होतं. कांतीशेट म्हणजे पंच्याहत्तरीचे जैन व्यापारी, पणजोबांच्या काळात राजस्थानातून इथं आलेले, आता बोलायला पक्के जुन्नरचे. धान्याचं दुकान, कितीतरी वर्षं बंद. शेट समोर खुर्ची टाकून बसलेले. ग्राइंडरनं शटर कापलं तर मागं जुन्या फळ्या तशाच उभ्या. पूर्वी दुकानं अशीच बंद करायचे – खाली-वर खाच, त्यात एकेक उभी फळी सरकवायची. प्रत्येक फळी शेजारणीला घासून बसलेली असते, क्रम चुकला की परत बसत नाही. म्हणून मी फळी काढून आकडा ओरडायचा आणि बाळूनं खडूनं तो फळीवर लिहायचा असं ठरलं.

पहिली फळी उचलली आणि ओरडलो, "एक!"

शेट खुर्चीतून उठलेच. "एक नको म्हणू रे! लाभ म्हण. ह्या उंबऱ्यावर एक कुणी म्हणलं नाय आजपर्यंत."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आमची आई अजून बाजरी तशीच मापते. पण उन्हानं डोकं तापलेलं, संध्याकाळच्या आत रस्ता मोकळा करून द्यायचा होता. मी खेकसलो, "शेट, फळ्या मोजतोय, बाजरी नाय! बसा गप खाली."

शेट बसले. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्यांचं. मी मुद्दाम, त्यांना ऐकू जावं म्हणून, आणखी मोठ्यानं मोजलं. अकरा फळ्या भरल्या.

मग मी समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. बाळू आत झाडू मारत होता. मधे फक्त पेठेचा रस्ता, पंधरा पावलं म्हणा. ग्लास हातात घेऊन वळलो आणि आतून पोतं आदळल्यासारखा आवाज आला.

बाळू खांबावर फेकला गेला होता. तो सावरतोय तोवर त्याचं तोंड फाडकन एका बाजूला वळलं, मग दुसऱ्या. गाल फुटला. आत दुसरं कुणी नव्हतं हो! सगळं दुकान उघडं, ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत. बाळू हात जोडतोय, खाली पडतोय, कुणीतरी गचांडी धरून उठवल्यासारखा परत उभा राहतोय, परत फटका. दात पडताना मी पाहिले. शेट किंचाळत होते, "आरं सोडवा! कोण मारतंय त्याला?" आणि मी... माझे पाय हलत नव्हते. घाबरून नाही. पाय ऐकतच नव्हते. मी फटके मोजत नव्हतो, पण मोजले गेले. अकरा.

मग पाय सुटले. धावलो. बाळू रक्तानं न्हालेला, ओळखू येईना. मी जवळ गेलो तर तो ढुंगणावर मागं सरकला, भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा ओरडला, "दादा, बास! मारू नको! मरंल मी!"

गालाचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या, पुढचे चार दात गेले. नारायणगावच्या दवाखान्यात त्याला आत नेल्यावर नर्सनं माझा उजवा हात धरला. "तुमच्या हाताला काय झालं?" बघतो तर मूठ सुजून टम्म, बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली. एक्स-रेमध्ये दोन हाडं मोडलेली. डॉक्टर सरळ म्हणाले, "कुणाला मारलंत?"

बाळूच्या बायकोनं तक्रार दिली. तिच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. पोलिसांनी टपरीशेजारच्या मोबाईलवाल्याचा कॅमेरा तपासला. हवालदारानं मला दोनदा दाखवलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "भाऊ, ह्यात तर तुमी नुस्ते चहा धरून हुबे हाये." खरंच. सगळा वेळ ग्लास माझ्या उजव्या हातात. मोडलेल्या हातात. चहा हिंदकळला पण नाही.

कांतीशेटकडं जाऊन पाय धरले. विचारलं, त्या दुकानात पूर्वी काही घडलं होतं का? कुणी मेलं, कुणी मारलं? शेट म्हणाले, "काय बी न्हाई. एक म्हणल्यावर काय होतं ते बघायला आमी कधी म्हणलंच नाय ना."

पेठ आता झकास झालीय. संध्याकाळी दिव्यात लोक फोटो काढतात. त्या फळ्या दुसऱ्याच सुतारानं बसवल्या.

दोन महिन्यांनी बाळूच्या घरी गेलो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाईलवर घेतलेलं. म्हटलं, एकदा हे बघितलं की माझा भाऊ मला परत मिळंल. त्यानं तीनदा बघितलं. मोबाईल परत दिला.

"कॅमेरा खरा आसंल," तो म्हणाला. नवीन दातांमुळं बोलणं जड झालेलं. "पण दादा, मारताना तू बोलत व्हतास. आवाज तुझाच. दर फटक्याला एकच... आण्णा गेले तवा कुठं व्हतास?"

आण्णा म्हणजे आमचे वडील. नऊ दिवस दवाखान्यात होते, बाळूची वाट बघत. बाळूला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही म्हणे, तो आला तो थेट मातीला. मी त्याला एका शब्दानं कधी बोललो नाही. आईशी नाही, बायकोशी पण नाही. हे वाक्य माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही, शप्पथ.

"भूत हाये का काय हाये, ते मरू दे," बाळू म्हणाला. "मला येवढंच सांग. हे तुझ्या मनात व्हतं का नाय?"

त्या दुपारी त्याला कोणी मारलं, माझा हात कशानं मोडला, मला अजून माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव आणणाऱ्यांवर माझा आजही विश्वास नाही. पण त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

"व्हतं," मी म्हणालो.

बाळू उठला आणि आत गेला.