कोटावरचा राजा

माझे बाबा आणि धाकटे काका एकाच दुकानात शेजारी बसून कपडे शिवायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. कारण काय, तर एका गिऱ्हाइकाची कॉलर. टोकदार करायची की गोल, यावरून जे बिनसलं ते चार वर्षं बिनसलेलंच. निरोप सांगायला मी होतेच.

उरलं होतं ते बुद्धिबळ. सकाळी बाबा दोन चालींत मात होणारं कोडं मांडत, काका इस्त्री तापेपर्यंत ते सोडवत. खऱ्या सोंगट्या कधीच हरवल्या होत्या. हत्ती म्हणजे दोऱ्याची रिळं, घोडे म्हणजे खडू, आणि काळा राजा म्हणजे कोटाचं एक मोठं बटण.

एकदा कोडं मांडून बाबा चहाला गेले. परत येतात तर राजा गायब.

"तुझ्या काकाला सांग," काकांच्या नाकासमोर उभं राहून बाबा मला म्हणाले, "सुटत नाही म्हणून राजा लपवणारा भागीदार मला नको. संध्याकाळपर्यंत दिसला नाही तर मी मशीन उचलतो."

"खुशाल उचल म्हणावं," काका म्हणाले, आणि टेबलाखाली रांगून शोधू लागले.

दुसरं बटण ठेवा म्हटलं, तर दोघंही माझ्यावरच खेकसले. राजा बदलून कुठे मात होते का!

दुपारी आई डबा घेऊन आली. "ते काळं? सकाळी मी डोकावले तेव्हा हेडमास्तर आले होते, त्यांच्या कोटाला एक बटण कमी होतं. तुम्ही चहाला गेलात, भाऊजी इस्त्रीत गुंग. मीच लावून दिलं."

काका गळ्यात टेप तसाच ठेवून धावले आणि हेडमास्तरांनाच घेऊन आले. त्यांना भाषणाला जायचं होतं आणि कोट पोटावर त्या एकाच बटणाने धरला होता. ते काढू देईनात. मग काकांनी त्यांना टेबलावरच्या पटावर ओणवं केलं, बटण कोपऱ्यातल्या घरात टेकवलं आणि खडू हलवला.

"आता तुमची चाल."

"माझी?"

"एकच घर मोकळं आहे, सर. सरका."

हेडमास्तर पोटासकट एक घर सरकले. काकांनी रीळ खाली आणलं. मात!

बाबांनी पुढे होऊन बटण ओढून पाहिलं आणि थेट काकांकडे बघत म्हणाले, "सैल लावलंय."

काका खवळले. "वहिनीनं लावलेलं बटण सैल? तुझी कॉलर बघ आधी!"

"टोकदारच शोभत होती ती!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. हेडमास्तर ओणव्यानेच विचारत होते, "मी उठू का?" पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दोघांचं चार वर्षांचं बोलायचं राहिलं होतं.