पायाळूची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, जो त्रास झाला तो मायला झाला. पण आमच्याकडे पायाळू माणसाच्या पायाला भारी मान. कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्याने सूर्य उगवायच्या आत, उपाशीपोटी, पायाळू माणसाच्या दारात यायचं आणि दुखऱ्या जागी त्याचा पाय लावून घ्यायचा. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी माणूस वाकून पायातला काटा काढतो, अशी श्रद्धा.

सात-आठ वर्षांची असल्यापासून मी गावातल्या मोठमोठ्या माणसांना लाथा घालत आले. ज्यांच्यासमोर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, टोपी सावरून उभे राहायचे, त्यांनाही मी लाथ मारलेली आहे. आणि त्यांनी "बेस वाटनं, बेटा" म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवलेला आहे. एवढ्या लहान वयात असला अधिकार मिळाला की माणूस जरा चढतोच. मीही चढले होते.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. मी रोज एसटीने देवपूरच्या कॉलेजात जायची. ही नव्वदीनंतरची गोष्ट. शेवटच्या वर्षाला असताना पोलीस भरतीची जाहिरात आली आणि त्यात मुलींच्याही जागा होत्या. मला खाकीचं वेड वगैरे नव्हतं. मला फक्त जळगावकडून सांगून आलेलं स्थळ नको होतं. मुलगा वाईट नव्हता, पण माझं शिक्षण संपलं की त्या घरात जाऊन भाकरी थापायच्या, एवढंच त्यांच्या निरोपात होतं. आबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "एक डाव पळी देख. नही जमनं, ते मंग आमनं आयकशी."

एकदा पळून बघ, नाही जमलं तर आमचं ऐक. इतका साधा करार. त्यामुळे मी जन्मात कधी पळाले नव्हते ती पळायला लागले. धुळ्याच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, ओढणी कंबरेला आवळून बांधली आणि पहाटे गाडवाटेने सोनगीरच्या किल्ल्याच्या दिशेने धूम ठोकली. पहिल्या दिवशी दुसऱ्या शेताच्या बांधावर बसून ओकले. आठवड्याभरात चार शेतं झाली. महिन्याभरात न थांबता जाऊन यायला लागले. माय सुरुवातीला हातात कंदील घेऊन वाटेवर उभी राहायची, पुढे तीही कंटाळली.

दिवाळी झाली, कापूस वेचणीला जोर आला, आणि माझी कंबर दुखायला लागली. अगदी खाली, माकडहाडाच्या वर, उजवीकडे. आधी नुसती जाणीव. मग अंघोळीला वाकताना कळ. मग एक दिवस एसटीची पायरी चढताना मी दांडी धरून तशीच उभी राहिले, आणि मागच्या बाईने हळूच विचारलं, "कितवा महिना?" मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. गावाच्या कंबरा बऱ्या करणाऱ्या पोरीचीच कंबर धरली, हे कळलं असतं तर गाव महिनाभर हसलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शिवाय भरतीत डॉक्टरी तपासणी असते, आणि कंबर गेलेली पोर जळगावकडच्यांनाही चालली नसती. म्हणजे दोन्हीकडून गेले असते. मी बुटांना दोष दिला. मग गादी सोडून खाली झोपायला लागले. निलगिरीचं तेल चोळलं, तव्यावर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून ठेवली, मायचे डिंकाचे लाडू चोरून खाल्ले. लाडवांनी वजन तेवढं वाढलं.

शेवटी देवपूरमधल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय वर करून बघितले, फोटो काढायला लावला, पडलात का, वजन उचलता का, सगळं विचारलं. मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. फोटोत काही दिसलं नाही. "पळणं बंद करा, दोन महिने," ते म्हणाले. भरतीला सहा आठवडे राहिले होते. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि चक्क रडले. एवढी धाप लागून, ओकून, कुत्री मागे लावून घेऊन केलेलं सगळं त्या एका वाक्यात मातीत जाणार होतं, आणि त्यानंतरचं आयुष्यही त्याबरोबरच.

त्या संध्याकाळी मायने मला वाकताना पकडलं. तिला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली की आपला पाय आपल्या पाठीला लागत नाही, तेव्हा दुसरा पायाळू बघायला हवा. सोनगीरला एक म्हातारे पायाळू होते, सगळे त्यांना नाना म्हणत. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उपाशीपोटी त्यांच्या ओट्यावर.

नाना दारातून बाहेर आले तेच एक हात कंबरेवर ठेवून. पाठीचा बाक इतका की माझ्याकडे बघायला त्यांना मान तिरकी करावी लागली. मनात म्हटलं, झालं, आगीतून फुफाट्यात. मायने सगळं सांगितलं, मी पायाळू आहे हेही. ते ऐकून नानांनी पाय पुढे केलाच नाही. ओट्याच्या कडेला टेकले आणि विचारलं, "रोज कितला जणेस्ले मारस?"

मी म्हटलं, एरवी लाथ खायला महिन्यात एखादा येतो. सध्या वेचणीमुळे रोज आठ-दहा जण असतात.

"कव्हय?"

मी म्हटलं, पळून आले की लगेच. ते लोक ओट्यावर वाटच बघत असतात.

"मारी दखाड," ते म्हणाले, आणि दारातल्या निंबाकडे बोट केलं. मारून दाखव.

मी दाखवलं. डाव्या पायावर उभी राहिले, पाठ मागे ओढली, उजवा पाय कंबरेइतका वर घेतला आणि निंबाला एक ठेवून दिली. आणि तिथेच कळ आली, नेमकी त्याच जागी, उजवीकडे. मी निंबाला धरून उभी राहिले. मायने तोंडावर पदर घेतला.

मला इतके दिवस हे दिसलं कसं नाही, याचं आजही नवल वाटतं. पळताना कंबर दुखायचीच नाही. दुखायची ती नंतर, अंघोळीच्या वेळी. मधल्या पाऊण तासात मी काय करत होते? दमलेल्या, थरथरत्या पायांनी एका पायावर उभी राहून, कापसाचे गठ्ठे उचलणाऱ्या आडदांड गड्यांना प्रत्येकी तीन लाथा. त्यातही पळायला लागल्यापासून माझ्या पायात जोर आला होता, आणि त्याची कीर्ती आजूबाजूच्या गावांत पसरली होती. लोक म्हणायचे, "पोर, जरा जोरमा मार, काल काई समजनंच नही." मी मारायची. डॉक्टरांनी वजन उचलता का विचारलं, लाथा मारता का विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी शहरातल्या डॉक्टरसमोर मी कबूल केलं नसतं.

नाना हसले नाहीत. स्वतःच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चाळीस वरीस लोकेस्ले लाथा माऱ्यात. त्यास्नी कंबर सुटनी, मनी धरायनी." लोकांची कंबर सुटली, त्यांची स्वतःची धरली. मग त्यांनी मला समोर बसवून रीत शिकवली. आपण बाजेवर बसायचं, आलेल्या माणसाने खाली पाठमोरं बसायचं, आणि नुसता अंगठा टेकवायचा, तीनदा. "पाय लावाना ऱ्हास, माराना नही." पाय लावायचा असतो, मारायचा नसतो. त्यांना हे त्यांच्या आजीने सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं, कारण लोकांना जोर हवा असतो आणि तरण्या वयात आपल्याला तो दाखवायचा असतो.

परतताना मी एसटीत मायच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. कंबर दुखतच होती, पण का दुखते ते कळलं होतं, आणि मणका सरकला नव्हता. जीव भांड्यात पडणं काय असतं ते मला त्या प्रवासात समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाजेवर बसायला लागले. का, ते मायने आबांच्या कानावर घातलं. लोक नाराज झाले. शेजारच्या काकू तर तिन्ही दिवस म्हणत होत्या, पाय लागला की नाही तेच समजलं नाही. चौथ्या दिवशी त्यांची उसण उतरली. सगळ्यांचीच उतरत होती, आधी उतरायची तशीच आणि तितक्याच दिवसांत. यावरून उसणीबद्दल आणि माझ्या पायाबद्दल मी काय समजायचं ते समजले, पण तोंड उघडलं नाही. डॉक्टरांचे दोन महिने मी पाळले नाहीत, एक आठवडा मात्र पाळला. मग एका शेतापासून पुन्हा सुरुवात. पंधरा दिवसांनी अंघोळीला वाकले आणि कळ आलीच नाही. पुन्हा वाकून बघितलं. तिसऱ्यांदा तांब्या मुद्दाम खाली टाकला आणि उचलला. बाहेरून मायने विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, काही नाही, आणि खरंच काही नव्हतं.

संक्रांतीनंतर धुळ्याला भरती झाली. आबा बरोबर आले. एसटीत जागा असूनही ते पूर्ण वेळ उभे होते. मला वाटलं, पोरीच्या काळजीने बसवत नसेल. मैदानाच्या कुंपणाबाहेर ते दोन्ही हातांनी तार धरून उभे राहिले. मी पळाले. पहिली आले नाही, पाचवी की सहावी आले, पण वेळेत आले. दुपारी तपासणीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कंबरेचा, पाठीचा काही त्रास?" मी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं, याचा मला पळण्याहून जास्त आनंद झाला. संध्याकाळी यादीत नाव निघालं.

ते सांगायला मी कुंपणाकडे धावत गेले. आबा अजून तसेच उभे होते. त्यांनी नाव ऐकलं, तोंडभर हसले, मला जवळ घ्यायला वळले आणि अर्ध्यातच थांबले. चेहरा वाकडा झाला. ती थांबण्याची तऱ्हा मी लहानपणापासून शेकडो माणसांत बघितली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

आदल्या संध्याकाळी कापसाचा गठ्ठा गाडीत चढवताना भरली होती. रात्रभर पाठ टेकली नव्हती. धुळ्यापर्यंत उभे आले होते ते त्यामुळे. घरात पायाळू पोर असताना.

मी चिडले. म्हटलं, अंगठाच तर लावायचा होता, तेवढं सांगायचं तरी.

"अंगठावर तू थांबती का?" आबा म्हणाले. "मनी कंबर देखीसन लाथच मारती तू. मंग आज पळती कशी?"

खरं होतं. बापाची कंबर म्हटल्यावर मी अंगठ्यावर थांबले नसते, होता नव्हता तो जोर लावून मारलीच असती.